अभ्यासिकेतला खोका : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट 2025

रविवार, 1 जून

खोली तीच, दांडेकर पुलाच्या अलीकडे, ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा वस्तीत शिरला, तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरच्या पुस्तकांचा लगदा झाला होता. तेव्हापासून पुस्तकं वरच्या फळीवर आणि मुलांचे हात खाली, अशी आमची अभ्यासिका चालते.

म्हणून हा खोका. एक जुना संगणक, त्याला वायफायचा राउटर. नेट नाही. शाळेच्या सगळ्या विषयांचं जे फुकट मिळतं ते आधीच उतरवून आत भरायचं. मुलं घरातल्या मोबाइलवरून खोक्याला जोडतील आणि वाचतील. रिचार्ज संपला, रेंज नाही, आईला फोन परत हवाय, यातल्या पहिल्या दोन अडचणी तरी सुटतील.

माणसं तीन. मी, रविवारीच मोकळा असणारा माझा भाचा आणि मनपा शाळेतल्या एक बाई. पैसे सध्या माझेच, 6,000 रुपये. शाळा 16 ला उघडतात, तोवर खोका तयार होईल असं भाचा म्हणतो. मी 31 वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. ‘तोवर तयार’ हे शब्द मी फार वेळा ऐकलेत.

रविवार, 8 जून

मंगळवार पेठेतला जुना बाजार. संगणक 2,800 ला मिळाला. विकणारा 3,500 वरून खाली यायला तयार नव्हता. मी सरळ मागचं झाकण उघडून पंख्यातली धूळ दाखवली. राउटर आणि हार्ड डिस्क मात्र तपकीर गल्लीतून नवीन घेतली. तिथे घासाघीस केली नाही, डिस्क जुनी घ्यायची नाही हे भाच्याचं एकमेव पथ्य आहे.

संध्याकाळी त्याने उबुंटू ही संगणक चालवणारी फुकट प्रणाली चढवली आणि त्यावर किविक्स. किविक्स म्हणजे अख्खा विकिपीडिया एका फाइलीत बांधून नेटशिवाय वाचू देणारी फुकट प्रणाली. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला सुरू झाला. बाविसाव्या वर्षी तो आमच्या ओढ्याकाठी आला. माझ्या मोबाइलवर ‘पुणे’ टाकलं, लेख उघडला. नेट बंद होतं. मला खरंच गंमत वाटली, आणि ती भाच्यापासून लपवता आली नाही.

बुधवार, 11 जून

भाच्याच्या ऑफिसात नेट वेगवान, त्यामुळे उतरवण्याचा सपाटा चाललाय. लग्नात आहेर गोळा करावा तसं आम्ही गोळा केलं. एमआयटीचे अभ्यासक्रम, ओपनस्टॅक्सची कॉलेजची पुस्तकं, एनपीटीईएलची इंजिनिअरिंगची व्याख्यानं, आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरिअल, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी, ई-बालभारतीवरची पाठ्यपुस्तकं, ‘किशोर’चे जुने अंक, अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं. अर्धी डिस्क भरली.

बाई संध्याकाळी येऊन सगळं शांतपणे बघून गेल्या. जाताना म्हणाल्या, “ताई, आपल्याकडे मोठं कोण येतं? दहावीचा एक मुलगा. तोही क्रिकेट नसलं तर.”

रविवार, 15 जून

आज निवडायला बसलो. एमआयटी गेलं. 2001 साली त्यांनी सगळे अभ्यासक्रम मोकळे करायचं जाहीर केलं आणि त्याच्या पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला ‘खुली शैक्षणिक संसाधनं’ असं नाव मिळालं. म्हणजे या सगळ्या चळवळीचं मूळ घराणं हे, पण सातवीच्या पोराला त्याचा काय उपयोग? ओपनस्टॅक्स गेलं. एनपीटीईएल गेलं. स्पोकन ट्युटोरिअलमधली मराठी ठेवली, कारण दहावीनंतर पोरांना संगणकाचं काहीतरी शिकायचंच असतं.

मग दुसरा प्रश्न आला आणि अख्खी दुपार त्यात गेली. एखादी गोष्ट फुकट मिळते म्हणून ती आपण छापू, बदलू, दुसऱ्याला देऊ शकतो का?

पाठ्यपुस्तक उघडलं. बालभारती इथलीच, सेनापती बापट रस्त्यावरची, 1967 पासूनची. पीडीएफ कुणीही फुकट उतरवून घ्यावी. पण आतल्या पानावर स्पष्ट लिहिलंय की सर्व हक्क मंडळाकडे आहेत, लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. म्हणजे दार उघडं आहे, घर आपलं नाही. स्टोरीवीव्हरच्या गोष्टींचं उलट. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे आपलं साहित्य इतरांना मोकळं करून देण्याचे तयार परवाने. या गोष्टी त्यातल्या सगळ्यात सैल परवान्यावर आहेत. लेखक-चित्रकाराचं नाव द्या, मग भाषांतर करा, छापा, विकासुद्धा.

या परवान्यांच्या चार अटी मी वहीत आमच्या भाषेत लिहून घेतल्या. नाव द्या. पुढेही असंच मोकळं ठेवा. धंदा करू नका. बदल करू नका. यातल्या निरनिराळ्या अटी जोडून वेगवेगळे परवाने होतात. विकिपीडियाला पहिल्या दोन. खान अकादमीच्या फुकट व्हिडिओ-धड्यांना पहिल्या तीन. आणि ‘बदल करू नका’ असलेलं साहित्य आमच्या दृष्टीने जवळजवळ बाद, कारण भाषांतर हाही बदलच. इंग्रजीतली उत्तम गोष्ट फुकट हातात येते आणि ती मराठी करून वाटता येत नाही, यासारखा चिडचिड करणारा प्रकार नाही.

ठरलं असं. मोकळ्या साहित्याच्या फोल्डरला निळा ठिपका, नुसत्या फुकटला लाल. लाल इथेच बसून वाचायचं. निळं घरी न्यायचं, छापायचं, खोडायचं, आपलं करायचं.

भाच्याने विचारलं, “मावशी, पण ‘धंदा करू नका’वालं आपण झेरॉक्सला दिलं आणि झेरॉक्सवाल्याने पानाला दोन रुपये घेतले, तर धंदा कुणी केला?” मी हसले, पण प्रश्न खुळा नाही. अमेरिकेत नेमक्या याच मुद्द्यावर दोन मोठ्या छपाई दुकानांवर खटले झाले आणि 2018 नि 2019 मध्ये दोन्ही न्यायालयांनी दुकानांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या सांगण्यावरून प्रती काढणारा स्वतः परवाना मोडत नाही. आपल्याकडे 2016 मध्ये दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सवाल्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमाचा आधार घेऊन शिकवण्यासाठीच्या प्रतींना मोठीच मोकळीक दिली. हक्कांच्या लढाईत दोन्ही देशांत मध्ये उभा झेरॉक्सवाला.

शुक्रवार, 20 जून

पालख्या आल्या. अभ्यासिका रविवारपर्यंत बंद. खोक्यावर चादर.

रविवार, 29 जून

पहिला आठवडा मुलांसोबत. हिशेब निराशेचा. सगळ्यात जास्त उघडलेली गोष्ट म्हणजे विकिपीडियावरचा ‘विराट कोहली’. पाठ्यपुस्तकं कुणी उघडली नाहीत, कारण ती दप्तरात आहेतच. आम्ही चार दिवस खपून जे उतरवलं ते मुलांकडे शाळा फुकट देते, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

‘किशोर’ मात्र चालतंय. बालभारतीचं हे मासिक 1971 पासूनचं, जुने अंक फुकट वाचायला मिळतात. पाचवीतल्या दोघी सत्तरच्या दशकातले अंक काढून त्यातल्या माणसांचे कपडे बघत बसतात. तोही अभ्यासच म्हणायचा.

बुधवार, 2 जुलै

आज खोका बंद ठेवून त्यातलं एकच पान हाताने केलं. ही नोंद लांबणार.

मे महिन्यात जयंत नारळीकर गेले, तेव्हापासून मनात होतं. त्यांनी उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली, इमारतीचं नाव पुलस्त्य, आणि तिथे अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली. आमच्या कॉलेजची मुलं घेऊन मी दोनदा गेले होते. गुप्ता आयआयटी कानपूरचे, पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरीला होते. 1978 मध्ये रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांची काड्यांची रचना निघाली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, आमच्या भाषेत वालट्यूब.

वालट्यूबने दोन दिवस फिरवलं. पूर्वी कुठल्याही सायकलवाल्याकडे फूटभर मिळायची. आता नव्या सायकलींना दुसऱ्या जातीचा व्हॉल्व्ह येतो, ट्यूब लागतच नाही. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्याने डब्यातून काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

काड्यांचे गुल आधी मी घरीच खरवडून टाकले. वालट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी घातली की बिजागरी तयार. तीन काड्या, तीन तुकडे, त्रिकोण. चार काड्या, चार तुकडे, चौकोन. मग मी म्हटलं, “दाबा.” चौकोन लगेच लवंडला आणि पतंगासारखा झाला. त्रिकोण दाबून दाबून सातवीतल्या एकाने काडी मोडली, पण आकार बदलला नाही.

“का?” मी विचारलं. कुणी काही बोलेना. मीही बोलले नाही. प्रयोगशाळेत शिकलेली ही एकच गोष्ट मला खात्रीने येते, गप्प बसणं. शेवटी तोच मोडकी काडी हातात घेऊन म्हणाला, “आमचे मामा मांडव घालतात. ते चौकटीत एक तिरका बांबू बांधतातच. मला वाटायचं शोभेला.” त्याने चौकोनात तिरकी काडी घालायचा प्रयत्न केला. ती बसेना, लांबी पुरत नव्हती. चौकोनाची बाजू एक काडी असेल तर कर्णाला एक काडी पुरणार कशी? दहावीतला क्रिकेटवाला मागून ओरडला, “वर्गमूळ दोन!” आणि स्वतःच चपापला.

सहा काड्यांचा चतुष्फलक करून झाला तेव्हा साडेआठ वाजले होते. एका टोकाला तीन काड्या जोडायच्या म्हणजे तुकड्याला मधोमध भोक पाडून त्यात तिसरी घालावी लागते. पुस्तकात त्यासाठी बाभळीचा काटा सांगितलाय. आम्ही सेफ्टी पिन वापरली.

रविवार, 6 जुलै

आषाढी. साबुदाण्याची खिचडी खात यादी कापली. आता खोक्यात सुरुवातीच्या पावहिश्शाहून कमी उरलंय. भाचा हळहळतो. त्याला वाटतं जागा आहे तर राहू दे. पण मुलांना लांब यादी दिसली की ती पहिलंच उघडतात आणि पहिलं बहुधा अकारविल्हे ‘अ’चं असतं. आमच्याकडे आठवडाभर सगळे ‘अंटार्क्टिका’ वाचत होते.

मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळाचा पत्ता भिंतीवर लावलाय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून सुरू केलेलं काम आता फुकट वाचता येतं. भाषा आठवीच्या वरची आहे, पण बाईंना स्वतःच्या तयारीला लागतं. शिक्षकाला उपयोगी आणि मुलाला उपयोगी या दोन वेगळ्या फळ्या हव्यात हेही आजच कळलं.

रविवार, 13 जुलै

फेट. कोलोरॅडो विद्यापीठातले भौतिकीचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. पडद्यावर तारा जोडा, दिवा लावा, लोलक झुलवा. प्रत्येक खेळाची एकच फाइल असते, ती उतरवून घेतली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. परवाना निळा. आणि भाषांतर कुणीही स्वयंसेवक त्यांच्याच साधनात बसून करू शकतो. जगातल्या फुकट गोष्टींत याच्या तोडीचं मला काही दिसलं नाही. प्रयोगशाळेत वर्षाला किती बल्ब उडायचे याची नोंदवही मीच ठेवायचे.

शब्दांवर मात्र बाईंची आणि माझी जुंपली. नेटवर मराठी म्हणून जे शैक्षणिक साहित्य मिळतं त्यातलं बरंचसं हिंदीतून ढकललेलं असतं. अपूर्णांकाला ‘भिन्न’, घनतेला ‘घनत्व’, उष्णतेला ‘ऊष्मा’. मुलाला विषय येत असतो, शब्दावर अडतो आणि त्याला वाटतं आपल्याला विषयच येत नाही. त्यामुळे आम्ही नियम केला की संज्ञा पाठ्यपुस्तकातली. तिथे नसेल तर भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशातली. मनाने काही करायचं नाही.

नियम दहा मिनिटं टिकला. परिपथाच्या खेळात बटण आहे. पुस्तकात आणि प्रयोगशाळेत आम्ही ‘कळ’ म्हणतो, प्लग कळ. सहावीतल्या मुलीने वाचून विचारलं, “ताई, कळ म्हणजे पोटात येते ती?” बाई म्हणाल्या, ‘स्विच’ लिहा. मी म्हटलं, परीक्षेत ‘कळ’ येईल. शेवटी ‘कळ (स्विच)’ असं लिहिलं, दोघीही नाराज.

आकड्यांवरून अजून एक. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्याची बाजू मांडली होती. तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आज तिसरीतला एक मुलगा ‘त्रेसष्ट’ ऐकून 36 लिहितो आणि ‘साठ तीन’ म्हटलं की बरोबर लिहितो, हे समोर बघितलं. नाक पूर्ववत केलं आहे.

रविवार, 20 जुलै

पहिलीसाठी अक्षरपत्ते छापून आणले. निळे, म्हणजे आम्हीच केलेले, चित्रं मोकळ्या साहित्यातली. बाईंनी पहिल्याच पत्त्यावर बोट ठेवलं. ‘लसूण’मधला ल हिंदीचा उमटलाय. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा, 2009 च्या शासन निर्णयातही तेच आहे. फॉन्टात दोन्ही रूपं होती. आम्ही मजकुराची भाषा हिंदी ठेवली होती, त्यामुळे संगणकाने हिंदीचा ल काढला. भाषा मराठी केल्यावर तोच फॉन्ट सुतासारखा सरळ आला. 140 पत्ते वाया. मागची बाजू कोरी आहे, त्यावर पाढे लिहू.

युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरं, येण्याआधीच्या फॉन्टातल्या जुन्या फाइली बाजूला टाकल्या. एका ओळखीच्या शिक्षकांनी प्रेमाने आयुष्यभराच्या प्रश्नपत्रिका दिल्यात, पण उघडल्या की ‘ÖÖ×ÖµÖ’ असलं काहीतरी दिसतं. त्या टाइप करायला कुणी मिळेल तेव्हा.

रविवार, 3 ऑगस्ट

दोन आठवडे नोंद नाही, मला ताप होता.

ध्वनिमुद्रण. ज्यांना अजून नीट वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्या मुलांनी कविता वाचून ठेवायच्या, अशी बाईंची कल्पना. कविता कुठल्या? इथे कायदा सरळ आहे. लेखक गेला त्या वर्षानंतर 60 वर्षं हक्क राहतात. केशवसुत 1905 मध्ये गेले, बालकवी 1918, भा. रा. तांबे 1941. सगळे मोकळे. साने गुरुजी 1950, त्यामुळे 2011 पासून तेही. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, म्हणजे 2060 उजाडावं लागेल. मी तोवर नाही. आज पहिलीत असलेली पोरं असतील, चाळिशीची.

मुलांनी बालकवी घेतले. खोलीला पत्रा आहे आणि श्रावण चालू आहे. पाचवीतल्या मुलीने अतिशय सुंदर वाचलं आणि मध्येच सर आली, पत्र्यावर ताशा वाजावा तशी. भाचा म्हणाला परत घेऊ. परत घेतलं, ते पाठ म्हटल्यासारखं झालं. दोन्ही ठेवलीत.

आणि हे मुद्रण कुणाचं? आवाज मुलांचा. आयांना विचारलं, सही घेतली, नाव मात्र कुठेही घालायचं नाही असं ठरलं. नुसतं ‘इयत्ता पाचवी’.

रविवार, 17 ऑगस्ट

डिस्क भरलेली नाही, राउटर तापतो. त्याच्याखाली दोन विटा ठेवल्यात, मध्ये हवा खेळते.

या महिन्यात काय वापरलं गेलं त्याची भाच्याने मोजणी काढली. पहिला फेटचा परिपथ. मग स्टोरीवीव्हरच्या पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या गोष्टी, आणि त्या वाचणारी मुलं सहावीचीसुद्धा आहेत. बाईंना याचं आश्चर्य वाटलं नाही, मला वाटलं. मग आमची मुद्रणं. विराट कोहली चौथा.

रविवार, 24 ऑगस्ट

बुधवारी गणपती. मखराचं सामान ठेवायला मंडळाला खोली हवी आहे. संगणक, स्क्रीन, विटा, सगळं माळ्यावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. बाहेर मांडवाचे बांबू पडलेत. सातवीतला मुलगा मामाच्या हाताखाली तिरका बांबू धरून उभा होता, मला बघून त्याने तो उगाच एकदा हलवून दाखवला.

पाचवीतली मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन आली. वेल्ह्याला आजीकडे चाललीय, तिथे धाकट्या मामेभावाला द्यायचंय. लाल ठिपका आणि निळा ठिपका तिला मी नव्याने समजावायला लागले, तर म्हणाली, “माहितीय, लाल इथे बसून.” निळं भरून दिलं. गोष्टी, परिपथ, काड्यांच्या खेळाची आम्ही काढलेली चित्रं. मुद्रणाची वेळ आली तेव्हा भाच्याने स्वच्छ असलेलं दुसरं निवडलं. ती म्हणाली, “ते नको. पावसाचं द्या.”

अभ्यासिका 7 सप्टेंबरपर्यंत बंद. चावी मंडळाकडे.